दुपारची कवायत

१

रत्नागिरीत मांडवीच्या उतारावर एक जुनी वखार होती. पूर्वी तिथे मलबारातून येणारं लाकूड उतरत असे. तो धंदा बसला, पण ओल लागू नये म्हणून मालकाने कधीकाळी जोत्यावर ऐनाच्या लाकडाच्या जाड फळ्या ठोकून घेतल्या होत्या, त्या तेवढ्या शाबूत राहिल्या. सगुणाबाईने ती जागा भाड्याने घेतली ती या फळ्यांसाठी. बाकी पाहण्यासारखं काही नव्हतं. खाली लांबोडकी वखार, मागे पडवीत चूल, बाजूने वर चढणारा उभा जिना आणि माडीवर तिची खाट.

सकाळी शाळेआधी मुली यायच्या. ‘नाच’ म्हटलं असतं तर रत्नागिरीत एकाही बापाने मुलगी पाठवली नसती. म्हणून सगुणाबाईने त्याला ‘कवायत’ हे नाव दिलं. मुलींची पाठ ताठ राहते, छाती भरते, चालण्यात डौल येतो, असं तिने मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाईंना पटवलं आणि त्यांनी दोन-चार घरी शब्द टाकला. भिंतीला कमरेइतक्या उंचीवर एक बांबू बांधला होता. त्याला धरून मुली ओळीने उभ्या राहात, टाचा जुळवून गुडघे वाकवत, पाय पुढे नेत, बाजूला नेत. सगुणाबाई हातातली काठी फळीवर आपटून ताल देई. तीच काठी टेकत ती ओळीतून फिरे, कारण तिच्या डाव्या पायाचा घोटा कामातून गेला होता.

नवरात्र नुकतंच झालं होतं. त्या दिवशी कवायत संपली, मुली पाटी-दप्तर उचलून पांगल्या. जनी तेवढी रेंगाळली. जनी ही हौसाची मुलगी. हौसा सगुणाबाईकडे स्वयंपाकपाणी बघायची. तिचा नवरा धाकू आगबोटीवर खलाशी, कधी तरी वर्षाने घरी उगवायचा. मायलेकी वखारीमागच्या परसात खोपटात राहात. जनी तेरा-चौदा वर्षांची, लांब मानेची, कमी बोलणारी. इतक्या वर्षांत सगुणाबाईने पाहिलेल्या मुलींत हिच्याच पायात काही तरी होतं.

“बाई,” वेणीचा पेड घालता घालता जनी म्हणाली, “काल तुमचा पाय बरा व्हता. आज परत दुखतोय काय?”

“काल? काल कधी?”

“दुपारच्याला. तुमी काठी नाय घेतलीत.”

सगुणाबाई हसली. पोर दुपारी झोपली असेल, स्वप्न पडलं असेल. “जा, शाळेला उशीर होईल,” एवढंच ती म्हणाली.

मग ती बराच वेळ बांबूला हात टेकून उभी राहिली. काल दुपारी ती वखारीत नव्हतीच. ती मावसबहिणीकडे पालीला गेली होती. सकाळच्या मोटारीने गेली ती दिवेलागणीला परतली. तोवर वखारीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कनवटीला.

२

सगुणाबाईची आई देवळात गाणारी. आई वारल्यावर ती मुंबईला मामाकडे गिरगावात गेली, आणि तिथेच तिच्या आयुष्याला नवल वाटावं असं वळण लागलं. एक रशियन बाई आपला देश सुटल्यावर चार मुली आणि एक पियानोवाला घेऊन आगबोटींच्या वाटेने पूर्वेकडची गावं करत हिंडत होती. मादाम व्हेरा. तिच्या बॅलेच्या ताफ्यात तिला एक हिंदी मुलगी हवी होती. गाण्याच्या घरातली पोर, ताल अंगात मुरलेला. मादामने सगुणाला उभी केली, तिचा परकर गुडघ्यापर्यंत उचलला, पावलं पाहिली आणि मान डोलावली. चेहरा तिने नंतर पाहिला.

बॅले म्हणजे अंगठ्यांच्या टोकावर सगळं शरीर तोलायचं. साटीनचे बूट, टोकाला सरसाने कडक केलेले. पहिली दोन वर्षं सगुणा रोज रडली. मादाम समोर गुडघे टेकून बसायची, मुलीचं पाऊल दोन्ही तळव्यांत घ्यायची आणि ओल्या बांबूला आकार द्यावा तसं हळूहळू वाकवत न्यायची. तोंडाने गोड गोड बोलायची. सोडायची नाही.

पण मग रंगमंच आला. कोलंबो, पेनांग, सिंगापूर, रंगून. मादामने तिच्यासाठी खास एक नाच बसवला होता. देवळातली मुलगी तळहातावर दिवा घेऊन येते, दिवा विझू न देता सबंध मंचावर फिरते, फिरता फिरता टोकावर चढते. इतकंच. त्या नाचात एक क्षण असा येई की पियानो थांबे आणि ती दिव्यासह एका पायावर उभी असे. समोरच्या अंधारात शेकडो माणसं श्वास धरून. टाळ्या नंतर पडत. सगुणाला टाळ्यांपेक्षा ती शांतता हवीशी वाटे.

रंगूनला त्याच क्षणी तिचा घोटा मोडला. तिने नाच पुरा केला, पडदा पडल्यावर पडली. हाड कोणी तरी घाईत बसवलं, ते वाकडं जुळलं. ताफा पुढच्या बोटीने गेला. ती वर्षभर रंगूनमध्ये मराठी गोदीकामगारांच्या वस्तीत राहिली आणि मग रत्नागिरीला परत आली.

आता तिला आठवणींची हौस होती. संध्याकाळी ती माडीच्या खिडकीत बसून मनातल्या मनात तो नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत करी. म्हातारपणाला पुरेल एवढं आपल्याकडे आहे, असं तिला वाटे. आणि शिकवताना एक गोष्ट ती कटाक्षाने पाळी. मुलीचं पाऊल हातात धरून वाकवायचं नाही. तोंडाने सांगायचं, काठीने दाखवायचं, हात लावायचा नाही.

दिव्याच्या नाचाबद्दल ती रत्नागिरीत कोणापाशी चकार शब्द बोलली नव्हती.

३

दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. सकाळची कवायत चालू होती. मुली एकेक करून वखारीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे पावलं टाकत जात होत्या. जनीची पाळी आली. ती निघाली, अर्ध्यावर पोचली आणि तिचा उजवा हात उचलला गेला. तळवा आकाशाकडे, बोटं किंचित दुमडलेली, जणू वर काही जळतं आहे आणि वाऱ्याने ते विझेल. तशीच ती फिरली. फिरता फिरता टाचा उचलल्या. आणि अगदी शेवटी हनुवटी जराशी डावीकडे कलली.

ती हनुवटी नाचातली नव्हती. ती सगुणाची खोड होती. त्या खोडीसाठी मादामने तिला किती वेळा बोल लावला होता.

सगुणाबाईची काठी थांबली.

“हे कोणी शिकवलं तुला?”

जनीने गोंधळून पाहिलं. “तुमीच.”

“मी कधी शिकवलं?”

“दुपारच्याला. रोज तर शिकवताव.”

सगुणाबाईने बाकीच्यांना घरी पाठवलं आणि तडक पडवीत गेली. हौसा पाट्यावर खोबरं वाटत होती.

“हौसे, जनी दुपारी कुठे असते?”

“तुमच्याकडं.” हौसाने वरवंटा थांबवला नाही. “तुमी खिडकीतनं हाक मारताव, जने म्हणून. मी आयकते की. मी म्हनते जा बाय, बाई येवडी माया करतात.”

“तू मला बघितलंस?”

“आवाज काय मी वळखत नाय?” हौसाने आता मान वर केली. “का वो? काय चुकलं काय तिचं?”

“नाही. काही नाही.”

सगुणाबाई माडीवर गेली आणि खाटेवर बसून नीट विचार करू लागली. ती भिणाऱ्यातली नव्हती. दहा देशांचं पाणी प्यायलेली बाई. तिच्या उशाशी एक निळी बाटली होती. दुखणं थांबावं म्हणून मुंबईच्या डॉक्टरने दिलेलं औषध, त्यात अफूचा अंश. जेवण झालं की ती चमचाभर घेई आणि दुपारभर मेल्यासारखी झोपे. उलगडा तिथेच होता. झोपेत आपण उठत असू, खिडकीतून हाक मारत असू, जिना उतरून खाली जात असू. अफूत पायाची कळ जाणवत नाही, म्हणून लंगडत नसू. माणसं झोपेत चालतात, असं तिने स्वतः पाहिलं होतं.

पालीचा दिवस तेवढा या हिशेबात बसत नव्हता. पण पोरींना वार लक्षात राहात नाहीत, असं तिने मनाशी म्हटलं आणि बाटली खिडकीतून परसात रिकामी केली.

४

त्या दुपारी ती जागी राहिली. जिन्याच्या तोंडाशी झडप होती, ती तिने पाडली आणि आतून कडी घातली. मग खाटेवर आडवी झाली.

कोकणातली दुपार. बंदरावरचा आवाज बंद होतो, कावळेसुद्धा माडांत गप्प बसतात. कौलांवर ऊन तडतडतं. खाली हौसाने भांडी पालथी घातली त्याचा आवाज आला, मग तोही नाही. घोट्यात ठणका सुरू झाला होता आणि सगुणाबाईला त्याचं बरं वाटत होतं. ठणका होता म्हणजे ती जागी होती.

“जने.”

हाक खालून आली. वखारीच्या खिडकीतून. फार मोठी नाही, शेजारच्या परसात पोचेल एवढीच. आपला स्वतःचा आवाज माणसाला परका वाटतो, पण सगुणाबाईने तो ओळखला. शेवटचं अक्षर किंचित ओढायची तिची पद्धत होती.

तिने ओठांवर हात ठेवला. ओठ मिटलेले होते.

परसातून अनवाणी पावलं धावत आली. वखारीचं दार कुरकुरलं. मग फळ्यांवर ताल सुरू झाला. काठीचा नव्हे, टाळीचा. आणि पावलं. जनीची पावलं ती ओळखत होती, हलकी, जराशी घाईची. पण त्यांच्या जोडीला आणखी एक पाऊल पडत होतं. ते दोन्ही बाजूंनी सारखं पडत होतं. टप, टप, टप. कुठे ओढ नाही, कुठे घासट नाही. ऐनाच्या फळ्यांना ते पाऊल जसं माहीतच होतं.

ती उठली. कडी काढली, झडप उचलली, कठड्याला धरून उतरू लागली. निम्म्या जिन्यावर तिच्या ध्यानात आलं की आपण रोजच्यापेक्षा भराभर उतरतो आहोत.

वखारीत जनी एकटी होती. बांबूला एक हात, पाय वर उचललेला, घामाने केस कपाळाला चिकटलेले. ती भिंतीकडे बघत होती. सगुणाबाई दिसली तशी तिने मान वळवली आणि चेहऱ्यावर निव्वळ नवल उमटलं.

“तुमी जिन्यावर कधी गेलाव?”

सगुणाबाईची नजर जनीच्या डाव्या पायावर गेली. घोटा सुजला होता.

“हे काय झालं?”

“कायतरी मुरगाळलं असंल. तुमीच म्हनालात ना, दुखलं तरी सोडायचं नाय.”

“मी असं कधीही म्हणणार नाही,” सगुणाबाई म्हणाली. पण ती हे जनीला सांगत होती की दुसऱ्या कोणाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.

५

जनीला दुपारी यायची मनाई झाली. हौसाने घोट्याला आंबेहळदीचा लेप लावला. जनी दोन दिवस घरात बसली, तिसऱ्या दिवशी लंगडत पुन्हा गेली. हाक आली की तिला राहवत नसे, असं हौसाच कौतुकाने सांगे.

आणि सगुणाबाई? इथे तिचं वागणं सांगायला जड जातं. एका सकाळी ती उठली आणि सवयीने पाय हळूच जमिनीला लावला. कळ आली नाही. तिने भार दिला. आली नाही. ती खोलीत एक फेरी मारून आली आणि मग खाटेवर बसून खूप रडली.

काय घडतं आहे हे तिला त्याच सकाळी कळायला हवं होतं. कळलंही असावं. पण वर्षानुवर्षं ओझ्यासारखा ओढलेला पाय एकाएकी आपला होतो, तेव्हा माणूस प्रश्न विचारत नाही. हवा पालटली, औषध सोडलं, रक्त चालू लागलं, अशी कारणं तिने एकावर एक रचली. बाजारात केरू मासेवाल्याने विचारलं, “बाई, काठी इसरलाव?” तेव्हा ती मुलीसारखी लाजली.

दुपारी खालचे आवाज यायचे. ती उशी कानावर ओढून घ्यायची. उद्या हौसाशी बोलू, असं रोज ठरवायची.

एका संध्याकाळी तिने पेटीतून साटीनचे बूट काढले. फीत आवळली, खिडकीची चौकट धरली आणि चढली. दोन्ही अंगठ्यांच्या टोकावर, सरळ, जसा काही मधला काळ गेलाच नाही. समोर समुद्रावर ऊन उतरत होतं. तिने उजवा तळवा उचलला, दिवा घेतल्यासारखा.

आणि पुढे काय, ते तिला आठवेना.

ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. तळवा उचलायचा, मग… मग कुठल्या बाजूला? पियानोचे सूर ती रोज मनात वाजवायची, ते शोधू लागली. मादामचा चेहरा शोधला. एक पांढरा धब्बा तेवढा दिसला. ती चौकट धरून टोकांवर तशीच उभी राहिली आणि खालच्या अंगणातून जनी पाणी घेऊन चालली होती ती तिला दिसली. डावा पाय टाकताना जनी खालचा ओठ दातांत धरत होती. ती ढब सगुणाबाईला फार जवळची होती. आतापर्यंत ती तिची स्वतःची होती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने हौसाला समोर बसवलं.

“जनीला घेऊन तुझ्या माहेरी जा. उद्याच्या मोटारीने.”

हौसाचं माहेर राजापूरच्या अलीकडे, आडगावात. तिथे तिचा भाऊ भागोजी शेती बघायचा.

“का पन?” हौसाचा चेहरा उतरला. “माज्या पोरीनं काय केलं?”

“काही केलं नाही. तिचा पाय बघतेस ना?”

“पाय काय, बरा व्हईल. शिकायचं म्हंजे दुखनारच, असं तुमीच…”

“मी म्हटलेलं नाही ते,” सगुणाबाईचा आवाज चढला. “मी एकही दुपार तिला शिकवलेलं नाही. ऐकतेस का हौसे? मी वर असते.”

हौसाने विचारलं, “मंग खाली कोन असतं?”

“मला माहीत नाही.”

हौसाने पदर सावरला. तिने विश्वास ठेवला, का बाईंचं डोकं फिरलं असं धरलं, ते तिच्या तोंडावरून कळेना. “उद्या जातो आमी,” ती म्हणाली. “येवडी आजची भाकरी करते.” आणि आज दुपारी पोरीला खोपटातून बाहेर सोडायची नाही, असंही तिने कबूल केलं. बोचकं बांधायला दोरी हवी म्हणून जेवणं झाल्यावर ती बाजारात गेली. जाताना तिने खोपटाला बाहेरून कडी लावली.

सगुणाबाई माडीवर गेली नाही. परसात फणसाखाली बसली, खोपटाच्या दाराकडे तोंड करून. ऊन तिरपं झालं. कडी जागच्या जागी होती. तिला वाटलं, आजचा दिवस निभावला.

तेव्हा वखारीतून टाळीचा ताल ऐकू आला.

तिने उठून खोपटाची कडी काढली. आत कोणी नव्हतं. मागच्या भिंतीचं, माडाच्या झापांचं कूड दोन हातांनी फाकवलेलं होतं.

वखारीचं दार आतून लागलेलं होतं. ती वळसा घालून खिडकीशी गेली. खिडकी बंद, पण फळ्यांच्या फटीतून आतलं दिसत होतं. उन्हातून आल्यामुळे आधी नुसता काळोख. मग जनी दिसली. बांबूला पाठ लावून उभी, दोन्ही हात मागे बांबूला घट्ट, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. तिचा डावा पाय पुढे धरलेला होता. तिच्यासमोर गुडघे टेकून एक बाई बसली होती. तिने ते पाऊल दोन्ही तळव्यांत घेतलं होतं आणि ती ते हळूहळू वाकवत होती.

बाई पाठमोरी होती. सगुणाबाईला फक्त मान दिसली आणि केसांचा अंबाडा. अंगावरचं लुगडं ओळखीचं होतं. ते त्या घडीला सगुणाबाईच्या अंगावर होतं.

“जने,” सगुणाबाई ओरडली. “पाय सोडव. जने.”

जनीने डोळे उघडले नाहीत. त्या बाईचे हात मात्र थांबले. अंबाडा हलला. मान वळू लागली, आणि वळता वळता हनुवटी जराशी डावीकडे कलली.

पुढचं बघायला सगुणाबाई थांबली नाही. दार फोडणं तिच्याच्याने होणार नव्हतं. हाकेच्या अंतरावर माणूस नव्हतं. आणि त्या क्षणी तिला एकच गोष्ट लख्ख कळली, जी ती इतके दिवस उशीखाली दडपत होती. हा पाय तिला कुठून मिळाला ते. घेतलेला परत केला तर देवघेव थांबेल. ती पडवीत धावली, खरोखर धावली, पाट्याशी बसली, डावा पाय दगडी पाट्यावर ठेवला, दोन्ही हातांनी वरवंटा डोक्यावर उचलला आणि होतं नव्हतं ते बळ लावून घोट्यावर हाणला.

हाड मोडल्याचा आवाज झाला. तो तिने स्पष्ट ऐकला.

दुखलं मात्र काहीच नाही. तिने खाली पाहिलं. घोटा होता तसा होता. कातडीवर ओरखडा नव्हता.

मग वखारीतून जनीची किंकाळी आली.

७

दार कसं उघडलं ते तिला नंतर सांगता आलं नाही. जनी फळ्यांवर पडली होती, एकटी. सगुणाबाईने तिला पाठीवर घेतली आणि मांडवीचा चढ धावत चढली. बंदरावरच्या माणसांनी ते पाहिलं. लंगडी बाई एवढी घोडनवरी पोर पाठुंगळी घेऊन पळते आहे. लोक कौतुकाने बोलत राहिले, माया असली की अंगात बळ येतं म्हणून.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी घोटा चाचपला, पुन्हा चाचपला, जनीला पाय हलवायला सांगितला. तोवर हौसा धापा टाकत पोचली होती.

“ही कधी पडली होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“आत्ताच,” सगुणाबाई म्हणाली. “दुपारी.”

“आत्ताचं नाही हे. हाड केव्हाच जुळलंय. वाकडं जुळलंय. चार-पाच वर्षं तरी झाली असतील.” त्यांनी हौसाकडे पाहिलं. “लहानपणी झाडाबिडावरून पडली असेल. कोणी तरी अडाण्यासारखं बसवलंय.”

“माजी पोर कंदी पडली नाय,” हौसा म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली. आया विसरतात, हे त्यांना ठाऊक असावं. “आता काही करण्यासारखं नाही. काठी द्या हातात.”

बाहेर दवाखान्याच्या पडवीत हौसा भिंतीला टेकून बसली. सगुणाबाई तिच्यासमोर उभी होती, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन. हौसा तिच्या पायांकडे बघत होती. बघता बघता तिने नजर वळवली आणि ती पुन्हा तिकडे नेली नाही.

“मोटार उद्या किती वाजता सुटते?” सगुणाबाईने विचारलं.

“सकाळी.”

“मी येते तुमच्याबरोबर.”

हौसा उठून जनीला आणायला आत गेली.

८

वखारीची किल्ली मालकाला गेली. शिकणाऱ्या मुलींना सांगितलं की बाई गावाला गेल्या. बूट सगुणाबाईने बंदरावरून पाण्यात टाकले.

भागोजीच्या घरात तिघी राहू लागल्या. सगुणाबाई शेतात राबायची, लावणीला चिखलात उभी राहायची, डोक्यावरून भारे आणायची. दिवसभर पायावर असायची आणि पाय थकत नसे. तेवढी शिक्षा तिला पुरेशी होती. रात्री हौसा तिला भाकरी वाढायची, हवं-नको विचारायची. त्यापलीकडे ती तिच्याशी बोलली नाही. आपल्याला कोणी हाकलून दिलं नाही, हीच सगुणाबाईला मोठी गोष्ट वाटे.

दुपारची हाक पुन्हा कधी आली नाही. इथे शेणाने सारवलेली जमीन होती, लाकडाची नव्हती, हे कारण असेल. किंवा घ्यायचं ते घेऊन झालं असेल.

जनी ओटीवर बसून असायची. काठीला हात लावायची नाही. तिचा स्वभाव बदलला होता. तासन्‌तास ती समोरच्या डोंगराकडे बघत राही आणि चेहऱ्यावर एक पोक्त समाधान असे, वयाला न शोभणारं.

एका दुपारी सगुणाबाई तिच्याशेजारी तांदूळ निवडत बसली होती. जनी आपणहून बोलू लागली. आता तिच्या बोलण्यातून गावची धाटणी हळूहळू जात चालली होती.

“बाई, रंगूनच्या त्या थिएटरात नदीचा वास यायचा, नाही? पडद्यालासुद्धा. हिरवा पडदा होता.”

सगुणाबाईचे हात थांबले.

“पडद्याआड पत्र्याची परात असायची, राळेची पूड घातलेली. मंचावर जायच्या आधी बूट त्यात दाबायचे, घसरू नये म्हणून. त्या दिवशी पूड ओली झाली होती. मी मादामला म्हटलं, तर ती म्हणाली, जा. पहिल्या रांगेत एक म्हातारी बर्मी बाई होती, केसांत पांढरं फूल. मी दिवा घेऊन आले तेव्हापासून ती रडत होती. मी तिच्याचसाठी नाचले.”

सगुणाबाईने डोळे मिटले. रंगून. शब्द होता. शब्दामागे तिने हात घातला, जसा अंधाऱ्या कणगीत घालावा. पडदा हिरवा होता का? म्हातारी होती का? असेल. हे सगळं आपण जपून ठेवलं होतं, म्हातारपणासाठी, एवढं तिला माहीत होतं. काय जपलं होतं ते माहीत नव्हतं. आत काही नव्हतं. सारवलेला, कोरडा तळ तेवढा हाताला लागत होता.

तिने डोळे उघडले. जनी डोंगराकडे बघत होती. तिचा उजवा तळवा मांडीवर उताणा पडला होता, बोटं किंचित दुमडलेली.

“पियानो थांबला,” जनी म्हणाली. “सगळे श्वास धरून होते.”

सगुणाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि ती तिच्या जवळ सरकली.

“मग?” तिने विचारलं. “मग काय झालं?”